स्मृतिभ्रंश झालेली व्यक्ती आणि संशोधन

संशोधन आणि संमती यांचा विचार करताना इंदूरच्या धर्मगुरूला दूर जावे लागत नाही. येथील रुग्णांवर, त्यांत मानसिक रुग्णांवरही, झालेल्या औषधचाचण्यांविषयी गंभीर तक्रारी झाल्या आणि येथील स्वास्थ्य अधिकार मंचाने २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. २०१३ मध्ये संमतीच्या प्रसंगाचे दृक्‌श्राव्य चित्रण बंधनकारक झाले. २०१९ च्या नियमांनी ते दुर्बल स्थितीतील व्यक्तींवरील नव्या रासायनिक औषधांच्या चाचण्यांसाठी कायम ठेवले.

ही संरक्षणाची बाजू झाली. परंतु ज्याचे रक्षण करावयाचे, त्याला काही सांगावयाचे असते, हे आपण सहज विसरतो. एका आजींना कम्युनियन देण्यास गेलो असता मी सुनेला विचारले, "आजी नीट जेवतात ना?" आजी म्हणाल्या, "मला विचारा की, फादर." माझे नाव त्यांना आठवत नव्हते; अपमान मात्र बरोबर कळला होता.

संशोधनातील भागीदार म्हणजे ज्याच्या स्मृतीची परीक्षा घेतली जाते एवढाच माणूस नव्हे. कशाचा शोध घ्यावयाचा, प्रश्न कोणत्या शब्दांत विचारावयाचे, निष्कर्षांचा अर्थ काय, यांतही त्याचा वाटा असतो. ऑस्ट्रेलियातील क्रिस्टीन ब्रायडन यांना १९९५ साली, वयाच्या ४६ व्या वर्षी, स्मृतिभ्रंशाचे निदान झाले. २००३ मध्ये 'अल्झायमर्स डिसीज इंटरनॅशनल' या संस्थेच्या संचालक मंडळावर त्या निवडून आल्या. असा मान मिळालेल्या त्या पहिल्याच रुग्ण.

गोव्यात ८१ कुटुंबांचा एक मोलाचा अभ्यास झाला व २००८ साली प्रसिद्ध झाला. स्थानिक कार्यकर्त्यांनी घरी जाऊन मार्गदर्शन केल्याने देखभाल करणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य सुधारले. तेथे मोजमाप मुख्यत्वे देखभाल करणाऱ्यांच्या भाराचे व त्रासाचे होते. ते आवश्यकच होते. तथापि रुग्णाच्या स्वतःच्या कथनाला अशा अभ्यासात अजून बरीच जागा करता येईल.

त्यासाठी कायदेशीर प्रतिनिधीची एक सही पुरत नाही. संमती प्रत्येक भेटीत नव्याने विचारावी लागते: मन ताजे असेल अशा वेळी, ओळखीच्या खोलीत, लहान वाक्यांत. तोंड फिरवणे किंवा हात मागे घेणे हाही नकारच होय. बार्तिमय आंधळा आहे हे दिसत असतानाही प्रभूने त्याला काय हवे ते विचारलेच होते.

संशोधक पुष्कळदा आपल्याकडेच पत्ते मागण्यास येतात. पत्ता देण्यापूर्वी धर्मशिक्षकाने त्या घरी जावे आणि प्रथम मुलाशी नव्हे, आजोबांशी बोलावे. त्यांनी नको म्हटले, तर पत्ता देऊ नये.