घरी विमान बनवायचंय? आधी ठरवा, उडायचं कशासाठी

कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या घराच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६ मध्ये लोकांनी ते पाहिलं, उडायची परवानगी मिळाली २०१९ मध्ये आणि २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर चाचण्या झाल्या. इतकी वर्षं जाणार असतील, तर निवड आधीच नीट हवी.

बसणार किती जण? उतरणार कुठे? छोट्या पट्टीवर उतरायचं असेल, तर दोन आसनी झेनिथ सीएच ७०१ बरं. जाड पंखांमुळे ते कमी वेगातही हवेत टिकतं, पण प्रवास सावकाश होतो. चौघांना धुळे-जळगावहून लांब जायचं असेल, तर व्हॅन्सचं आरव्ही-१० वेगवान. मात्र इंजिन मोठं, इंधन जास्त, धावपट्टीही लांब लागते.

दोन्ही गुण एकाच विमानात पुरेपूर मिळत नाहीत.