पंखाचा कोन

विमान म्हटले म्हणजे प्रचंड कारखाना, शेकडो कारागीर आणि कोट्यवधी रुपयांचे भांडवल डोळ्यांसमोर उभे राहते. परंतु स्वतःच्या हातांनी विमान बांधून त्यातून उड्डाण करणारी माणसेही या जगात आहेत. अमेरिकेत अशा हौशी विमानबांधकांची संख्या मोठी आहे. १९५३ साली पॉल पोबेरेझ्नी यांनी मिलवॉकी येथे या मंडळींसाठी ‘एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ ही संस्था स्थापन केली. विमानाच्या बांधणीचे अर्ध्याहून अधिक काम हौशी माणसांनी केवळ शिक्षणासाठी वा आनंदासाठी केलेले असावे, ही तेथील कायद्याची प्रमुख अट आहे. आपल्याकडेही असा ध्यास घेणारे आहेत. वैमानिक अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवली येथील इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. २०१६ साली ते ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडले गेले आणि २०१७ साली त्याची सरकारी नोंदणी झाली.

घरी विमान बांधणाऱ्याला प्रत्येक गोष्ट स्वतः निवडावी लागते. इंजिन कोणते, पंखा कोणता, समोरच्या फळीवर कोणती मापकयंत्रे बसवावयाची, हे सारे त्यानेच ठरवावयाचे असते. या यंत्रांपैकी एक दिसावयास अगदी लहान असते. पण त्याची निवड करताना सुज्ञ बांधक फार विचार करतो. ते यंत्र म्हणजे पंखाचा वाऱ्याशी होणारा कोन दाखविणारे यंत्र होय. या कोनाला इंग्रजीत ‘अँगल ऑफ अटॅक’ म्हणतात. मराठीत त्याला ‘आघातकोन’ म्हणता येईल.

हा कोन समजण्यास पतंगाचे उदाहरण पुरेसे आहे. पतंगाला सुत्तर बांधताना मुले किती काळजी घेतात! सुत्तर नीट बसले, तर पतंग वाऱ्यापुढे योग्य तेवढा तिरपा राहतो आणि झरझर वर चढतो. तिरपेपणा बिघडला, की वारा कितीही चांगला असो, पतंग गोते खाऊ लागतो. विमानाचेही असेच आहे. पंखाच्या पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत एक सरळ रेषा कल्पावी. ही रेषा आणि समोरून येणारा हवेचा प्रवाह यांमधील कोन तोच आघातकोन. हा कोन जमिनीशी मोजावयाचा नसतो, हे ध्यानात ठेवले पाहिजे. विमानाचे नाक सपाट दिसत असतानाही विमान वेगाने खाली येत असेल, तर हवा पंखावर खालून येते आणि कोन मोठा असू शकतो.

कोन वाढत जातो तशी पंखाला मिळणारी उचलही वाढत जाते. परंतु या वाढीला मर्यादा आहे. सामान्यतः पंधरा-सोळा अंशांच्या सुमारास पंखाच्या वरच्या पृष्ठभागाला चिकटून वाहणारी हवा त्यापासून सुटते, तिच्यात भोवरे उत्पन्न होतात आणि उचल एकाएकी घटते. या अवस्थेला वैमानिक ‘स्टॉल’ म्हणतात. येथे इंजिन बंद पडत नाही. पंख निकामी होतो. जर्मनीतील ओटो लिलिएनटाल यांनी आपल्या ग्लायडरमधून सुमारे दोन हजार उड्डाणे केली होती. ९ ऑगस्ट १८९६ रोजी त्यांचे ग्लायडर स्टॉल होऊन सुमारे पंधरा मीटर उंचीवरून कोसळले आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा अंत झाला.

आता कोणी विचारील, की वेगमापक असताना या नव्या यंत्राची गरज काय? वेग फार कमी होऊ दिला नाही म्हणजे झाले! पण खरी गोम येथेच आहे. पंख स्टॉल होतो तो कोनामुळे, वेगामुळे नव्हे. समजा, एखादे लहान विमान सरळ उड्डाणात ५० नॉट वेगाला स्टॉल होते. उतरताना वैमानिक प्रघाताप्रमाणे त्याच्या १.३ पट, म्हणजे ६५ नॉट वेग ठेवतो. सरळ जाताना ही १५ नॉटांची शिल्लक पुरेशी असते. परंतु उंची न सोडता विमान ४५ अंश कलवून वळविले, की पंखांवरील भार वाढतो आणि तेच विमान सुमारे ५९ नॉटांना स्टॉल होते. ६० अंश कलविले तर भार दुप्पट होतो आणि स्टॉलचा वेग सुमारे ७१ नॉटांवर जातो. वेगमापकाचा काटा ६५ वर स्थिर असतानाच पंखाने साथ सोडलेली असते! वजन वाढले तरी हा वेग बदलतो. पंखाचा आणीबाणीचा कोन मात्र जवळजवळ तोच राहतो. म्हणूनच वोल्फगांग लांगेविशे यांनी १९४४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्टिक अँड रडर’ या ग्रंथात या कोनाच्या ज्ञानाला उड्डाणकलेत अग्रस्थान दिले.

हा धोका बहुधा धावपट्टीकडे वळण्याच्या शेवटच्या वळणावर उभा राहतो. आडवा वारा विमानाला धावपट्टीच्या रेषेपलीकडे ढकलतो. वैमानिक वळण अधिक आवळतो आणि नकळत दांडा मागे ओढतो. उंची थोडी असते. पंख स्टॉल झाल्यावर नाक खाली करून वेग घेण्यास अवकाशच उरत नाही. अशा अपघातांचा विचार करून अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाने २०१४ साली लहान विमानांत आघातकोनदर्शक बसविण्याची परवानगी मिळणे सोपे केले. घरगुती विमानांचे बांधक त्यापूर्वीपासूनच ही यंत्रे वापरीत होते.

या यंत्रांचे मुख्यतः चार प्रकार आहेत. पहिल्यात वाऱ्याबरोबर फिरणारे लहान पाते असते. ते कोन थेट मोजते. परंतु ते पंख्याच्या झोतापासून दूर, पंखाच्या पुढे काढलेल्या दांडीवर बसवावे लागते आणि विमान आत ढकलताना एखाद्याचा हात लागला तरी वाकते. दुसऱ्या प्रकारात वेग मोजणाऱ्या पिटॉट नळीलाच तिरप्या पृष्ठावर आणखी एक छिद्र असते. कोन वाढला, की या छिद्रातील दाब समोरच्या छिद्रातील दाबाच्या तुलनेने वाढतो आणि त्यावरून कोन काढला जातो. यात फिरणारा भाग नाही. मात्र पाणी शिरल्यास किंवा कुंभारीण माशीने मातीचे घर केल्यास छिद्र बुजते. तिसऱ्या प्रकारात पंखाच्या वरच्या व खालच्या पृष्ठभागांवर छिद्रे ठेवून दोहोंच्या दाबांतील फरक पाहतात. त्याच्या नळ्या पंखाच्या पोटातून न्याव्या लागतात. पंख उघडा असताना हे काम सोपे असते. पत्रा बसल्यानंतर तेच फार अवघड होते. चौथ्या प्रकारात स्वतंत्र मोजणी नसते. वेग, त्वरण आणि विमानाची स्थिती यांवरून कोन गणिताने काढतात. तो बसविण्यास सोपा खरा, पण हवेचा अचानक उठलेला झोत त्याला फसवू शकतो.

मोजणीइतकेच महत्त्व सूचनेला आहे. शेवटच्या वळणावर वैमानिकाचे डोळे धावपट्टीवर खिळलेले असतात. फळीच्या तळाशी बसविलेला सुबक काटा त्या क्षणी निरुपयोगी ठरतो. म्हणून हिरवे, पिवळे व तांबडे दिवे असलेले दर्शक काचेलगत, नजरेच्या रेषेत बसवितात. त्याहूनही उपयुक्त म्हणजे कानात वाजणारा आवाज. कोन वाढतो तसा तो जलद होतो आणि स्टॉलच्या उंबरठ्यावर अखंड वाजू लागतो. डोळे गुंतलेले असले, तरी कान मोकळे असतात.

यंत्र बसविल्याने काम संपत नाही. सुरक्षित उंचीवर जाऊन विमान हळूहळू मंद करावे लागते, पंख प्रत्यक्ष स्टॉल होऊ द्यावा लागतो आणि त्या क्षणाची खूण यंत्राला शिकवावी लागते. उतरण्यासाठी फ्लॅप खाली सोडले, की पंखाचा आकार बदलतो. म्हणून तीच परीक्षा फ्लॅप सोडूनही घ्यावी लागते. जो या कामात आळस करील, त्याचे यंत्र महागडे असूनही खोटे बोलेल.

खोट्या यंत्राचा परिणाम किती भीषण होतो, हे जगाने पाहिले आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये इंडोनेशियात आणि मार्च २०१९ मध्ये इथिओपियात बोइंग ७३७ मॅक्स जातीची दोन विमाने कोसळून एकूण ३४६ माणसे मृत्युमुखी पडली. दोन्ही वेळी कोन मोजणाऱ्या एकाच पात्याने चुकीचा आकडा दिला आणि त्यावर विश्वासून स्वयंचलित यंत्रणा विमानाचे नाक पुनःपुन्हा खाली दाबीत राहिली. याउलट, १ जून २००९ रोजी अटलांटिक महासागरात कोसळलेल्या एअर फ्रान्सच्या विमानात वैमानिकांसमोर आघातकोन दाखविणारे यंत्र नव्हते. पिटॉट नळ्यांत बर्फ साचून वेगाचे आकडे काही काळ भरवशाचे राहिले नाहीत. पुढे विमान स्टॉल झाले, तरी नाक वर धरण्याचाच प्रयत्न होत राहिला. त्यात २२८ जणांचे प्राण गेले. वैमानिकांना हा कोन थेट दिसावा की काय, याचा विचार व्हावा, अशी शिफारस चौकशी अहवालाने २०१२ साली केली.

या दोन्ही घटनांतून घरी विमान बांधणाऱ्याला मिळणारा बोध एकच आहे. कोन कळला पाहिजे आणि कळलेला कोन खरा असला पाहिजे. म्हणून तो किंमत वा झगमगाट पाहून यंत्र निवडीत नाही. आपल्या विमानाला कोणते साजेल, आपल्याला कोणते नीट राखता येईल आणि ऐन वळणावर कोणत्याकडे आपले लक्ष जाईल, हे तो पाहतो. प्रत्येक उड्डाणापूर्वी तो पाते हलवून वा छिद्र तपासून पाहतो. यंत्र इशारा देते, एवढेच. तो इशारा ऐकून दांडा पुढे लोटणारा हात माणसाचाच असतो.