सागर-झडप

नौकेच्या कवचाला जलरेषेखाली किंवा तिच्या नजीक पाडलेल्या छिद्रावर आतून बसविलेली, हाताने उघडता व मिटता येणारी झडप. एंजिन थंड ठेवण्याचे पाणी, शौचकूप, मोरी व डेकवरील पाण्याचा निचरा यांसाठी अशी छिद्रे लागतात. शिडाच्या नौकेत वाऱ्याने कल आला की, एरव्ही पाण्याबाहेर असलेले छिद्रही बुडते. म्हणून जलरेषेच्या थोड्या वरच्या छिद्रांनाही झडप आवश्यक ठरते.

छिद्राच्या लहानपणावरून धोक्याचा अंदाज करणे चुकीचे आहे. पाण्याखाली ६० सेंमी. असलेल्या ३८ मिमी. व्यासाच्या उघड्या छिद्रातून मिनिटाला सु. १४० लि., म्हणजे तासाला आठ टनांहून अधिक पाणी आत शिरते. एकट्या माणसाला हातपंपाने ते फार वेळ उपसता येत नाही.

झडपेच्या धातूची निवड महत्त्वाची असते. घरगुती नळकामातील पितळात जस्त ४० टक्क्यांपर्यंत असते. खाऱ्या पाण्यात ते हळूहळू निघून जाते व मागे गुलाबी, सच्छिद्र, ठिसूळ तांबे उरते. झडप वरून धड दिसते आणि जरा जोर लावताच तुटते. त्यामुळे कासे, जस्त-ऱ्हास रोखणारे खास पितळ किंवा काचतंतुयुक्त नायलॉन वापरतात. चाकाने फिरणारी गेट झडप येथे अयोग्य होय. ती मिटली की नाही हे बाहेरून कळत नाही व कचरा अडकल्यास ती पूर्ण मिटत नाही. बॉल झडपेचा दांडा नळाच्या रेषेत असला तर मार्ग उघडा, आडवा असला तर बंद, हे अंधारातही हाताला समजते.

बहुतेक दोष जोडणीत आढळतात. कवचातून आरपार जाणाऱ्या नळाचे आटे सरळ, तर पुष्कळ बॉल झडपांचे आटे निमुळते असतात. असे दोन भाग थोड्याच फेऱ्यांत घट्ट बसतात आणि काम चोख झाल्याचा भास होतो. प्रत्यक्षात सर्व भार मोजक्या आट्यांवर येतो. यावर उपाय म्हणजे रुंद बैठकीची झडप घेऊन ती कवचाच्या आतील बाजूस चिकटविलेल्या काचतंतूच्या जाड पट्टावर बोल्टांनी पक्की करणे. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या एच-२७ मानकानुसार बसविलेल्या झडपेने २२७ किग्रॅ. भार ३० सेकंद सोसला पाहिजे. लाटांच्या हेलकाव्यात घसरलेले सामान किंवा चुकून पडलेला पाय एवढा भार सहज देतो.

गाभायुक्त कवचात अधिक काळजी घ्यावी लागते. गोव्यातील दिवाडी बेटावर बांधलेल्या, भारतीय नौदलाच्या ‘म्हादेई’ (२००९) व ‘तारिणी’ (२०१७) या पृथ्वीप्रदक्षिणा केलेल्या नौकांची कवचे लाकडी गाभ्यावर काचतंतूचे थर देऊन बनविलेली आहेत. अशा कवचात छिद्राभोवतीचा गाभा कोरून काढून ती जागा घट्ट एपॉक्सीने भरतात व मग छिद्र पुन्हा पाडतात. नाहीतर पाणी गाभ्यात झिरपून तो कुजतो. नळाच्या कडेखाली व पट्टाखाली पॉलिसल्फाइडसारखे लवचिक सीलंट भरपूर लावतात.

झडपेवरील रबरी नळी, शक्य तेथे, दोन स्टेनलेस पोलादी क्लिपांनी आवळतात. प्रत्येक झडपेला तिच्या मापाची मऊ लाकडाची निमुळती गुडदी दोरीने बांधून ठेवतात. नळी फुटली वा झडप तुटली, तर ती ठोकून छिद्र बुजविता येते. शोधाशोध करण्यास त्या वेळी उसंत नसते.

कोकण किनाऱ्याच्या उबदार पाण्यात बार्नॅकल व कालवे छिद्राच्या तोंडाशी वाढून पाणी अडवितात, तर वापराविना राहिलेली झडप क्षारांनी अडकून बसते. म्हणून महिन्यातून निदान एकदा ती उघड-मीट करतात. पावसाळ्यात नौका किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात, तेव्हा झडप खोलून धातूचा रंग पाहणे, वंगण देणे व जुनी नळी बदलणे ही कामे होतात. नौका पुन्हा पाण्यात उतरविताना ती पूर्ण मोकळी सोडण्यापूर्वी प्रत्येक झडपेच्या बुडाशी कोरडा हात फिरवून पाहतात.