व्याकरणकार दादोबांची गुप्त सभा आणि स्वीडनबोर्ग

इनामगावात मराठी शिकवतो. परवा वर्गात एकीनं विचारलं, "सर, दादोबा पांडुरंगांनी फक्त व्याकरणच लिहिलं का?" किती छान प्रश्न! इथे जरा सविस्तर लिहितो.

मराठीचे पाणिनी म्हणून आपण दादोबांना (1814-1882) ओळखतो. पण 1849 मध्ये मुंबईत निघालेल्या परमहंस सभेचेही ते प्रणेते होते.

ही सभा गुप्त होती. एकच ईश्वर मानायचा, मूर्तिपूजा आणि जातिभेद सोडायचा. नव्या सभासदानं ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खायचा. आज किरकोळ वाटेल, पण तेव्हा त्यापायी वाळीत पडायची वेळ येई.

1860च्या सुमारास सभासदांची यादी चोरीला गेली. नावं फुटण्याच्या भीतीनं सभा मोडली. पुढे 1867 मध्ये प्रार्थना समाज निघाला, त्याचे संस्थापक आत्माराम पांडुरंग हे दादोबांचे धाकटे भाऊ.

पाव ख्रिस्ती माणसाच्या हातचा असला, तरी सभा ख्रिस्ती नव्हती. ख्रिस्ती गूढवादाशी दादोबांची गाठ पडली ती स्वीडनबोर्गच्या ग्रंथांतून. हा स्वीडनचा खाणतज्ज्ञ (1688-1772). बायबलच्या शब्दांमागे आतला, आध्यात्मिक अर्थ दडलाय, असं तो सांगे. 1787 मध्ये लंडनमध्ये त्याच्या अनुयायांनी वेगळा पंथ काढला.

दादोबांनी त्याच्या विचारांवर एका हिंदूच्या नजरेतून इंग्रजीत पुस्तक लिहिलं. ते 1878 मध्ये लंडनला छापलं गेलं. मला त्यांचं हे धाडस व्याकरणाइतकंच मोलाचं वाटतं.

काही विचारायचं असेल तर जरूर विचारा. परमहंस सभेवर अजून लिहू का?