योद्धा आणि मांत्रिक एकाच देहांत

टेबलाभोंवतीं चारपांच मुलें बसलीं आहेत, समोर कागद, पेन्सिली व फासे आहेत, एकजण गंभीरपणें म्हणतो, “मी दार फोडतों,” आणि दुसरा म्हणतो, “मी मंत्रानें दिवा विझवितों.” असा देखावा ज्या पालकांनीं घरीं पाहिला असेल, त्यांना हें काय चाललें आहे असा प्रश्न पडणें साहजिक आहे.

हा भूमिकेचा खेळ होय. एकजण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो. बाकीचे एकेक पात्र धारण करून आपण काय करणार तें सांगतात. आणि यश आलें कीं नाहीं हें फासा ठरवितो. ह्या प्रकारचा पहिला प्रसिद्ध खेळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघां अमेरिकन गृहस्थांनीं १९७४ सालीं काढला. त्यांत पात्रांचे पेशे तीनच होते: योद्धा, मांत्रिक व धर्मोपदेशक. पुढें ते वाढत गेले. तरी मुलांना छापील पेशे पुरत नाहींत. तीं घरीं नवा पेशा रचूं लागतात, आणि तो बहुधा योद्धा-मांत्रिकच असतो. तरवारहि हवी आणि मंत्रहि हवा, ही इच्छा स्वाभाविक आहे. परंतु जो सर्व कांहीं करूं शकतो, तो सोबत्यांना कांहींच करूं देत नाहीं. चौघांच्या खेळांत तिघे प्रेक्षक होतात. म्हणून असा पेशा रचतांना त्याला काय येतें ह्यापेक्षां काय येत नाहीं, हें आधीं ठरवावें.

शस्त्र व मंत्र यांचा संयोग आपणांस नवा नाहीं. महाभारतांतील अस्त्र म्हणजे मंत्रानें भारलेलें शस्त्रच. त्या अर्थानें द्रोण, कर्ण, अर्जुन, अश्वत्थामा हे सर्व योद्धे-मांत्रिकच होत. पण कवीनें त्यांना मोकळें सोडलेलें नाहीं. कर्णानें आपण ब्राह्मण आहों असें खोटें सांगून परशुरामापासून ब्रह्मास्त्र मिळविलें, म्हणून ऐन वेळीं तें आठवणार नाहीं असा शाप त्याला मिळाला. इंद्रानें दिलेली शक्ति एकदांच वापरतां येण्याजोगी होती. ती अर्जुनासाठीं राखून ठेवली होती, परंतु घटोत्कचावर खर्ची पडली. सौप्तिकपर्वांत अश्वत्थामा गवताच्या काडीवर मंत्र घालून अस्त्र सोडतो. तें आवरण्याची विद्या अर्जुनास आहे, त्याला नाहीं. नवा पेशा रचणाऱ्यास येथें तीन तयार नियम सांपडतील. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ ही कादंबरी १९६७ सालीं निघाली. ती मराठी घरांत इतक्या आवडीनें वाचली गेली, ती कांहीं कर्णाच्या भात्यांत किती बाण होते हें समजावें म्हणून नव्हे.

पवित्र शास्त्रांतील दोन प्रसंगहि मला ह्या कामीं उपयोगी वाटतात. शौलानें दाविदाच्या अंगावर आपलें चिलखत चढविलें, तेव्हां त्याला चालतां येईना. तें उतरवून त्यानें ओढ्यांतील पांच गुळगुळीत गोटे घेतले व तो गल्याथापुढें गेला. ह्या खेळाच्या जुन्या नियमांत मांत्रिकास चिलखत वर्ज्य होतें. त्या नियमाचें मर्म ह्या कथेवरून मुलांस तत्काळ कळतें. सामर्थ्य मोजकें असावें, हें ते पांच गोटे सांगतात. दुसरा प्रसंग अमालेकाबरोबरच्या लढाईचा. मोशेचे हात वर असत तोंवर इस्राएलाची सरशी होई, आणि हात खालीं आले कीं अमालेकाची. शेवटीं अहरोन व हूर यांनीं त्याचे हात दोहों बाजूंनीं धरून ठेवले. अलीकडील नियमांत ‘एकाग्रता’ नांवाची जी अट आहे ती अशीच आहे: टिकाऊ मंत्र एका वेळीं एकच चालवितां येतो, आणि घाव बसला कीं तो तुटण्याची भीति असते.

मोशेचे उचललेले हात म्हणजे जादू नव्हे, हें येथें स्पष्ट सांगितलें पाहिजे. साम्य केवळ नियमापुरतें आहे. अनुवादाच्या अठराव्या अध्यायांत मंत्रतंत्राचा निषेध आहे, आणि अमेरिकेंत १९८० नंतरच्या दशकांत कांहीं ख्रिस्ती मंडळींनीं हा खेळ सैतानी ठरविला होता. आईबापांची काळजी मला तुच्छ वाटत नाहीं. परंतु ह्या खेळांतील मंत्र म्हणजे वहींतील एक आंकडा होय. त्यांत कोणाचें आवाहन नाहीं. नाताळच्या नाटकांत हेरोद झालेला मुलगा घरीं जाऊन कोणाचा वध करीत नाहीं. मुलगा अभ्यास टाकून फाशांपाशीं बसत असेल, तर ती तक्रार मात्र खरी आहे.

आतां प्रत्यक्ष घडणीकडे वळूं. २०१४ सालच्या नियमांप्रमाणें योद्ध्याचा प्राणांक दर पायरीस दहा पैलूंच्या फाशानें वाढतो, म्हणजे सरासरी साडेपांचानें. मांत्रिकाचा सहा पैलूंच्या फाशानें, म्हणजे साडेतिनानें. आपल्या वीरास आठ पैलूंचा फासा द्यावा; सरासरी साडेचार येते. मंत्रांच्या श्रेणी नऊ आहेत. निव्वळ मांत्रिक सतराव्या पायरीवर नववी श्रेणी गांठतो. मंत्र शिकलेला योद्धा विसाव्या पायरीवरहि चौथीच्या पलीकडे जात नाहीं. आपला वीर पांचवीपर्यंत जावा, असें माझें मत आहे.

पण एवढ्यानें भागत नाहीं. एका पाळीस मुख्य कृति एकच, त्यामुळें तरवार चालविली तर मंत्र राहतो. ह्यावर ‘पाथफाइंडर’ ह्या दुसऱ्या खेळानें २०११ सालीं ‘मेगस’ नांवाच्या पेशांत चांगली युक्ति काढली: मंत्र तरवारीच्या पात्यांतूनच शत्रूस लागतो. युक्ति मोहक आहे, म्हणून हिशेब करून पाहावा. वीस पैलूंच्या फाशावर दहा किंवा अधिक पडल्यास वार लागतो असें धरूं. म्हणजे वीसांत अकरा वेळां. वाराची सरासरी इजा साडेसात असेल, तर दर पाळीस पदरांत सुमारें चार पडते. त्याच वारावर अग्निमंत्राचे सहा पैलूंचे दोन फासे, सरासरी सात, चढविले तर ती सुमारें आठ होते. बरोबरीचा योद्धा निम्म्यावर आला! हेंच दिवसांतून तीनदांच करतां येईल असें ठरविलें, तर योद्ध्याचा मान राहतो, आणि तिसरा मंत्र आतां खर्चावा कीं राखावा ह्या विचारानें आपल्या वीरास घामहि फुटतो.

रचलेला पेशा पेन्सिलीनें लिहून तीन लहान लढायांत पारखावा. योद्धा झालेला सोबती जांभया देऊं लागला, तर आंकडे उतरवावे. ह्या नियमांचा मुख्य भाग जानेवारी २०२३ पासून विनामूल्य वापरण्यास खुला आहे, तेव्हां चौसाळ्यासारख्या गांवींहि खर्च फारसा नाहीं. वीस पैलूंचा फासा न मिळाल्यास एक ते वीस आंकड्यांच्या चिठ्ठ्या डब्यांत घालून काढाव्या. मात्र काढलेली चिठ्ठी दर वेळीं परत आंत टाकावी, नाहींतर शेवटीं कोणत्या उरल्या तें एखादा हुशार मुलगा मोजून बसतो.