मजलूम, मखदूम, मजकूर

मोहल्ल्यातल्या भगिनींसाठी आम्ही अरबीचा छोटा वर्ग सुरू केला, तेव्हा पहिल्याच दिवशी एका खालांनी विचारले, "मॅडम, 40 वर्षं कुरआन पढतेय. किती खतम झाले, मोजले नाहीत. पण अर्थ काही लागत नाही. या वयात व्याकरण जमेल का?"

आम्ही फळ्यावर तीन शब्द लिहिले : जालिम, खादिम, आशिक. समोर दुसरे तीन : मजलूम, मखदूम, माशूक. सगळ्या जणी हसल्या, कारण हे तर रोजच्या बोलण्यातले! मग सांगितले, की पहिली रांग करणाऱ्याची, दुसरी ज्याच्यावर क्रिया झाली त्याची. अरबीत बहुतेक शब्दांच्या मुळाशी तीन अक्षरे असतात आणि ती ठरलेल्या साच्यांत ओतली जातात. मराठीतला 'मजकूर'सुद्धा याच साच्यातला, 'जिक्र'पासून आलेला. म्हणजे ज्याचा उल्लेख झाला तो. उर्दू-मराठी बोलणाऱ्या घरात अरबीचा अर्धा शब्दसाठा आधीच पडून असतो, असे आमचे मत आहे.

अडचण येते ती शब्दाच्या शेवटाला. मकतबमध्ये आपण जेर, जबर, पेश शिकलो ते केवळ उच्चार म्हणून. वास्तविक मराठीतले 'ने', 'ला', 'चा' जे काम करतात, तेच काम तिथे शेवटचा स्वर करतो. घर कर्ता असेल तर 'बैतुन', कर्म असेल तर 'बैतन', 'घरात' म्हणायचे तर 'फी बैतिन'. (पढताना थांबलो की हा शेवट बहुधा गळतो, म्हणून तो कानाला जाणवत नाही.)

एका जेर-पेशाने काय होते? सूरह तौबाच्या तिसऱ्या आयतीत अल्लाह आणि त्याचे रसूल मुश्रिकांपासून मुक्त असल्याची घोषणा आहे. कोणीतरी तिथे 'रसूल' शब्दावर पेशऐवजी जेर लावून पढले आणि अर्थ भलताच झाला. ते ऐकून अबुल अस्वद दुअली व्याकरणाच्या कामाला लागले, असे परंपरेने सांगितले जाते. पुढे 8 व्या शतकात या शास्त्राचा पायाभूत ग्रंथ सिबवैह यांनी लिहिला आणि ते अरब नव्हते, इराणी होते! परक्या भाषेची धास्ती वाटणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात ठेवावे.

'आहे' हा शब्द मात्र सगळ्यांना छळतो, कारण साध्या वर्तमानकाळी वाक्यात अरबी तो वापरतच नाही. 'बैतुन कबीरुन' म्हणजे एक मोठे घर. 'अल-बैतु कबीरुन' म्हणजे घर मोठे आहे. एक 'अल' लागला आणि वाक्य तयार! 'अल' आला की शेवटचा 'न' जातो, तेवढे पाहावे. दोन वस्तूंसाठी वेगळे द्विवचन आहे, सूर्य स्त्रीलिंगी नि चंद्र पुल्लिंगी आहे. हे सवयीने जमते, आधीपासून घोकू नये.

चौथ्या दिवशी खाला वर्ग भरायच्या आधीच येऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "मॅडम, फातिहातला 'मगजूब' हा मजलूमसारखाच ना? ज्याच्यावर गजब झाला तो?" फर्ज नमाजच्या 17 रकअतींत रोज 17 वेळा तोंडी येणारा शब्द! आम्ही मान डोलावली, तोच त्यांचा पुढचा प्रश्न आला, "मग त्याच्या शेवटी जेर का?"

आम्ही खडू उचलला आणि त्याच्या आधीचा 'गैर' फळ्यावर लिहिला.