गोठलेला मासा आणि उपकारक जंतू



पावसाळा लागला, की आपल्या होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात. गोव्यात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. अशा दिवसांत घरी येणारा बांगडा पुष्कळदा गोठवलेला असतो. ‘बर्फात होता, म्हणजे जंतू मेलेच असतील,’ असे घरोघरी समजतात. ही समजूत चुकीची आहे. प्रसंगी घातकही आहे.

उणे १८ अंश सेल्सिअस तपमानात जंतूंची वाढ थांबते. परंतु त्यांतील अनेक मरत नाहीत, केवळ निद्रिस्त राहतात. मासा वितळून ऊब लाभली, की ते जागे होतात. काही जंतू ट्रायमेथिलअमाईन हे द्रव्य निर्माण करतात; शिळ्या समुद्री माशाला दुर्गंधी येते ती त्यामुळे. काही जंतू बांगडा, तारली, कुपा अशा माशांत हिस्टामीन तयार करतात. ते शिजवूनही नष्ट होत नाही. आमच्याच घरी एकदा दुपारभर ओट्यावर वितळत ठेवलेला बांगडा रात्री खाल्ला आणि तासाभरात सर्वांच्या अंगावर गांधी उठल्या. मासा चांगला शिजला होता; चूक त्यापूर्वीच घडली होती. लिस्टेरिया नावाचा रोगजंतू तर शीतकपाटाच्या थंडीतही वाढतो. तो शिजवल्याने मरतो; म्हणून न शिजवता खाण्याच्या माशांत त्याचे भय अधिक.

काट्याने काटा काढावा, तसा जंतूंनीच जंतूंचा बंदोबस्त करण्याचा उपाय शास्त्रज्ञांनी शोधला आहे. ज्यांच्यामुळे दूध विरजते, त्या लॅक्टिक आम्ल निर्माण करणाऱ्या जंतूंचा वर्ग येथे उपयोगी पडतो. ते तीन प्रकारे रक्षण करतात : अपायकारक जंतूंची जागा व अन्न आधीच बळकावतात, आम्ल निर्माण करून त्यांची वाढ रोखतात आणि बॅक्टेरिओसिन नावाची मारक प्रथिने सोडतात. यांपैकी नायसिन हे प्रथिन प्रसिद्ध असून त्याचा प्रभाव १९२८ साली प्रथम नोंदला गेला व १९४७ साली त्याला हे नाव मिळाले. याच वर्गातील कार्नोबॅक्टेरियम हे जंतू थंडीतही वाढतात. धुरी दिलेल्या सामन माशावर त्यांतील निवडक जाती सोडल्या असता लिस्टेरियाची वाढ रोखली जाते, असे प्रयोगांत दिसून आले आहे.

तथापि या उपायालाही मर्यादा आहेत. कडक हिमात हे मित्रही झोपतात. त्यांची पहारेदारी मासा वितळल्यावरच सुरू होते. प्रत्येक शत्रूवर त्यांची मात्रा चालत नाही, आणि बिघडलेला मासा ते पुन्हा ताजा करू शकत नाहीत. माशाला घरचे दही फासले की काम झाले, असेही कोणी समजू नये; योग्य जाती प्रयोगशाळेत पारखूनच निवडाव्या लागतात.

तेव्हा आपल्या हाती जे आहे ते आपण करावे. गोठलेला मासा ओट्यावर नव्हे, तर शीतकपाटाच्या खालच्या कप्प्यात झाकून वितळू द्यावा. वितळताच शिजवावा आणि बाहेर राहिलेला मासा पुन्हा गोठवू नये. शास्त्राने मित्र जोडून दिले, तरी घरातील दक्षतेला पर्याय नाही.